टकटक कुठून येते?

मेकॅनिकल कीबोर्डवरची एखादी कळ अगदी सावकाश दाबून पाहा. इतकी सावकाश, की तळाला जायला दोन-तीन सेकंद लागावीत. मग तशीच हळूहळू वर येऊ द्या. कान जवळ नेलात तरी स्प्रिंगची बारीक कुरकुर आणि प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याची सरसर, यापलीकडे काही ऐकू येत नाही. आता तीच कळ रोजच्या वेगानं दाबा. टक्. बोट उचललंत, की पुन्हा टक्.

म्हणजे आवाज कळ दाबल्याचा नसतो, ती आपटल्याचा असतो. खाली जाताना ती तळाशी आपटते, वर येताना झाकणाला आतून आपटते. मिनिटाला 40 शब्द अशा बेताच्या वेगानं इंग्रजी लिहिणारा माणूसही मिनिटाला दोनशेच्या आसपास कळा दाबतो. प्रत्येक कळेचे दोन आघात धरले, तर चारशे. शांत स्विच निवडायचा असेल तर कंपनी, रंग, किंमत यांच्या आधी हे चारशे आघात डोळ्यांपुढे आणावेत. ‘सायलेंट’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक स्विच हा या दोन आपटण्यांवरचा कसला ना कसला उपाय असतो.

मला हा विषय घरामुळे शिकावा लागला. माझं भाषांतराचं काम रात्री चालतं. ठाण्यातल्या आमच्या वन-बीएचकेमध्ये माझं टेबल बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून आणि त्याच भिंतीला पलीकडून टेकलेली आईची कॉट. पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेतला तो निळ्या स्विचचा. दुकानात चार कळा दाबून पाहिल्या तेव्हा त्याचा खणखणीत आवाज आवडला होता. पहिल्याच रात्री साडेअकराला आई दारात येऊन उभी राहिली. “अगं, लिहितेयस की बडवतेयस?”

निळ्या स्विचला सुरुवातीचा प्रयोग लागू पडत नाही. तो कितीही हळू दाबा, वाजतोच, कारण तो वाजावा म्हणूनच बनवलेला असतो. त्याच्या आत सरकणाऱ्या दांड्याभोवती एक सुटी पांढरी कॉलर असते. दांडा ठरावीक खोलीपर्यंत गेला, की ही कॉलर झटक्यानं खाली पडते आणि ‘क्लिक’ होतं. घरात दुसरं कुणी झोपत असेल तर या जातीच्या वाटेला जाऊ नये. त्यावर कुठलाही रबरी वायसर किंवा स्पंजचा तुकडा उपयोगी पडत नाही. माझा निळा कीबोर्ड पंधरा दिवसांत भाच्याकडे गेला.

टायपिंगचा आवाज कमी करण्याची धडपड कीबोर्डापेक्षा बरीच जुनी आहे. टायपिंग क्लासमध्ये बसून ज्यांनी मराठी तीसची आणि चाळीसची परीक्षा दिली, त्यांना वीस-पंचवीस यंत्रं एकदम सुरू झाल्यावरचा गदारोळ सांगायला नको. गोदरेजनं 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि 2009 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. मधली पन्नासेक वर्षं कचेरीचा आवाज म्हणजे टाइपरायटरचा आवाज, असंच समीकरण होतं. त्या यंत्रात अक्षराचा खिळा उडी घेऊन शाईच्या फितीवर आणि तिच्यामागच्या रुळावर आदळायचा. आदळल्याशिवाय अक्षर उमटत नसे.

अमेरिकेत वेलिंग्टन पार्कर किडर नावाच्या संशोधकानं नेमका यावरच इलाज शोधला. त्याच्या ‘नॉइजलेस’ टाइपरायटरमध्ये खिळा आदळत नसे. तो कागदाच्या अगदी जवळ येऊन शेवटच्या टप्प्यात नुसता दाबला जाई. पुढे 1924 मध्ये त्याची कंपनी रेमिंग्टनमध्ये विलीन झाली आणि रेमिंग्टननं ‘नॉइजलेस’ नावानं ही यंत्रं बरीच वर्षं विकली. आवाज खरोखर कमी झाला. पण ठोका गेला तसा जोरही गेला. कार्बन लावून खालच्या प्रती काढायच्या, तर त्या फिक्या येत. आवाज काढून घेतला की त्याच्याबरोबर आणखी काहीतरी जातं, हा अनुभव तेव्हाच आला होता, आणि आजच्या शांत स्विचमध्येही तोच येतो. इथे कार्बनच्या प्रती नाहीत. इथे जातो तो बोटाला मिळणारा ठोका.

ते नीट कळण्यासाठी एक स्विच उघडून पाहू.

आज जगभर चालणारे बहुतेक स्विच जर्मनीच्या चेरी कंपनीनं 1980च्या दशकात आणलेल्या ‘एमएक्स’ या एकाच घडणीचे आहेत. 2014च्या सुमारास तिच्या पेटंटची मुदत संपली आणि गेटरॉन, कैल्ह, आउटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बाजारात ओतले. त्यामुळे जवळपास कुणाचाही स्विच कुणाच्याही कीबोर्डात बसतो.

झाकण चार बारीक कड्यांनी धरलेलं असतं. चिमट्याच्या टोकानं त्या सैल केल्या, की झाकण उचलून हातात येतं. आत एक स्प्रिंग आणि तिच्यावर बसलेला प्लास्टिकचा दांडा. दांड्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असतं, त्यावर आपली कीकॅप बसते. समोरच्या बाजूला दांड्याला दोन पाय फुटलेले असतात आणि ते तांब्याच्या रंगाच्या एका पातळ पातीला मागे रेटून धरतात. दांडा खाली गेला, की पाय बाजूला होतात, पाती पुढे येऊन दुसऱ्या पातीला टेकते आणि संगणकाला अक्षर कळतं. साध्या लाल स्विचमध्ये हे घडतं 2 मिलिमीटरवर. दांड्याचा एकूण प्रवास मात्र 4 मिलिमीटरचा. म्हणजे अक्षर उमटून गेल्यावरही बोट आणखी तेवढंच खाली जातं आणि दांडा तळाशी आदळतो.

हे आदळणं कुठे होतं, तेही दिसतं. दांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना पंखासारख्या दोन उभ्या पट्ट्या आहेत. त्या खाचांमधून वर-खाली सरकतात. पट्टीचं खालचं टोक तळाला लागतं, वरचं टोक झाकणाला. आता शेजारी एक सायलेंट स्विच उघडून ठेवा. दांडा तसाच आहे, पण या पट्ट्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचे मऊ तुकडे बसवलेले दिसतील. नखानं दाबले तर दबतात. प्लास्टिक प्लास्टिकवर आपटायचं ते आता मऊ तुकड्यावर येऊन थांबतं, खालीही आणि वरही. एवढाच सगळा शोध आहे.

ही कल्पनाही आजची नाही. ॲपलनं 1990 मध्ये काढलेल्या ‘एक्स्टेंडेड कीबोर्ड टू’मध्ये जपानच्या आल्प्स कंपनीचे फिक्या मलईच्या रंगाचे स्विच होते आणि त्यांच्या दांड्यांनाही असेच रबरी तुकडे बसवलेले होते. जुन्या कीबोर्डांचे चाहते ते कीबोर्ड अजून शोधत फिरतात.

मऊ तुकड्यांना जागा लागते, म्हणून चेरीच्या सायलेंट रेडमध्ये दांड्याचा एकूण प्रवास 4 ऐवजी 3.7 मिलिमीटर आहे आणि अक्षर 1.9 मिलिमीटरवर उमटतं. हे आकडे वाचून काही वाटत नाही, बोटाला मात्र वाटतं. साध्या स्विचमध्ये प्रवासाचा शेवट फरशीवर पाय टेकावा तसा स्पष्ट असतो. सायलेंटमध्ये तो गादीवर टेकतो. पहिले दोन दिवस मला कणकेत बोटं रुतवल्यासारखं वाटत होतं. पुष्कळ लोक याच टप्प्यावर सायलेंट स्विच सोडून देतात. माझं सांगणं, आठ-दहा दिवस थांबावं. हाताला सवय होते, आणि मग साधा कीबोर्डच दगडासारखा लागायला लागतो.

मात्र एका गोष्टीची सवय होत नाही, आणि स्विच निवडताना मी तिला सगळ्यांत जास्त महत्त्व देते. टकटक ही बोटाला मिळणारी पोच होती. अक्षर उमटलं, आता पुढच्या कळेकडे जा, हे ती सांगत होती. आवाज काढून घेतला तर ही पोच दुसरीकडून मिळायला हवी. नाही मिळाली, तर हात ती जबरदस्तीनं मिळवतो. प्रत्येक कळ खच्चून तळापर्यंत दाबतो, आणि मऊ तुकडे असूनही धपधप सुरू होते.

म्हणून लिनिअर आणि टॅक्टाइल हा फरक शांत स्विचमध्ये जास्त मोलाचा ठरतो. लिनिअर, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसारखा घसरत जाणारा, कुठे अडणार नाही असा. टॅक्टाइल म्हणजे वाटेत एक उंचवटा असलेला. बोट तो ओलांडतं आणि त्याला कळतं, की काम झालं. खेळ खेळणाऱ्यांना लिनिअर आवडतो. त्यांचं ठीक आहे, त्यांना पोच पडद्यावरच मिळते. पण दिवसाला पाच-सात पानं लिहिणाऱ्या माणसानं शांत स्विच घ्यायचा तर टॅक्टाइल घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेरीचा सायलेंट रेड लिनिअर आहे. त्याला साधारण 45 ग्रॅमचा दाब लागतो, सायलेंट ब्लॅकला 60चा. दोन्ही टिकाऊ, आणि तयार कीबोर्डांमध्ये सहज मिळणारे. ज्यांना स्विच सुटे घेऊन बसवण्याची यातायात नको, त्यांच्यासाठी हाच सरळ रस्ता. पण रेड इतका हलका आहे, की कळांवर बोटं नुसती विसावली तरी एखादं अक्षर उमटून जातं. विचार करत थांबणाऱ्यांना याचा त्रास होतो. त्या मानानं ब्लॅक बरा. त्याची स्प्रिंग बोटाला मागे रेटते, त्यामुळे तळ गाठण्याची घाई कमी होते.

गेटरॉनचे सायलेंट स्विच सरकायला चेरीहून गुळगुळीत लागतात. त्यांचा सायलेंट ब्राऊन नावाला टॅक्टाइल आहे, पण त्याचा उंचवटा इतका पुसट, की मऊ तुकड्यांच्या गादीत तो हरवूनच जातो. टॅक्टाइल म्हणून घेतला आणि हाती लिनिअर आला, अशी निराशा यात ठरलेली.

मी तीन वर्षांपासून ज्यावर लिहिते आहे तो आहे ‘बोबा यू-फोर’. गॅझ्यू या नावानं तो निघतो आणि आउटेमूकडे तयार होतो. 62 आणि 68 ग्रॅम अशा दोन वजनांत मिळतो. त्याचा उंचवटा कळेच्या अगदी वरच्या टोकापासून सुरू होतो, मोठा आणि गोल. बोट टेकवताच अडथळा जाणवतो, तो ओलांडला की कळ आपसूक खाली जाते. पोच स्पष्ट मिळते, म्हणून हात आपोआप हलका पडतो. माझ्या मते शांतपणा आणि स्पर्श यांचा इतका चांगला मेळ दुसऱ्या स्विचमध्ये क्वचित बसला आहे. मी 62 वापरते. जड हाताच्या माणसानं 68 घ्यावा. खरेदी करताना एका अक्षराची काळजी घ्या. ‘यू-फोर-टी’ हा त्याचाच भाऊ आहे, दिसायलाही सारखा, पण तो सायलेंट नाही. उलट भरदार ठणक्यासाठीच लोक तो घेतात. एका दुकानानं मला यू-फोरच्या नावाखाली ‘टी’चीच पिशवी पाठवली होती आणि सगळे स्विच बसवून झाल्यावर ते कळलं.

कॅनडातल्या झील कंपनीचे ‘झायलेंट’ हेही उत्तम शांत टॅक्टाइल आहेत. पण त्यांची किंमत पाहता नव्या माणसानं तिथून सुरुवात करू नये. दुसऱ्या टोकाला आउटेमूचे स्वस्त सायलेंट स्विच आहेत. त्यांतला ‘लेमन’ टॅक्टाइल, ‘पीच’ लिनिअर. किमतीच्या मानानं हे दोन्ही फार चांगले आहेत. विद्यार्थ्यांना मी डोळे झाकून लेमन सुचवते.

जपानची टोप्रे कंपनी या सगळ्यांपेक्षा वेगळ्या वाटेनं गेली. तिच्या स्विचमध्ये धातूच्या पात्या एकमेकींना टेकतच नाहीत. रबराच्या घुमटाखाली शंकूसारखी एक स्प्रिंग असते. ती दबली, की खालच्या पाटीवरची विद्युतधारिता बदलते आणि कळ ओळखली जाते. टोकियो विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ एइती वादा यांच्या कल्पनेतून पीएफयू कंपनीनं 1996 मध्ये ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ आणला. पुढे त्याच्या महागड्या आवृत्त्यांत टोप्रेचे स्विच आले, आणि ‘टाइप-एस’ ही त्यांतली शांत आवृत्ती. तिचा आवाज पावसाचे थेंब पानांवर पडावेत तसा येतो. परवडत असेल तर जरूर घ्यावा. पण तो स्विच सुटा काढून आपल्या जुन्या कीबोर्डात बसवता येत नाही, कीबोर्ड पूर्णच घ्यावा लागतो.

स्विच बदलले तरी काम अर्धंच होतं, आणि हे मराठी लिहिणाऱ्यांना जास्त लागू आहे. लांबट कळा, म्हणजे स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट, एकट्या स्विचवर तोलल्या जात नाहीत. त्यांच्या दोन टोकांना आधार देणारी वाकवलेली तार असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. ही तार कोरडी असली की खडखडते. स्विच कितीही शांत असो, तारेला त्याचं काही नाही.

इन्स्क्रिप्ट पद्धतीनं मराठी लिहिताना शिफ्ट किती वेळा लागते, ते मोजून पाहा. ख, घ, ध, भ ही महाप्राण अक्षरं शिफ्टवर. श, ण, ळ शिफ्टवर. शब्दाच्या सुरुवातीला येणारे अ, आ, इ, ए असे स्वरही शिफ्टवर. ‘शाळा’ लिहायला श, काना, ळ, काना अशा चार कळा आणि दोनदा शिफ्ट. ‘घड्याळ’ लिहायला घ, ड, हलन्त, य, काना, ळ अशा सहा कळा आणि पुन्हा दोनदा शिफ्ट. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामांना लागणारी कळ आपल्याला पुष्कळ शब्दांना लागते. म्हणून इंग्रजी लिहिणारा ज्या खडखडाटाकडे दुर्लक्ष करू शकतो, तो आपल्याला दिवसभर ऐकावा लागतो. तारेच्या टोकांना आणि ती जिथे अडकते त्या खोबणीत दाट ग्रीसचा एक थेंब लावला, की हा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि नवे स्विच घेण्याच्या आधी करण्याचं आहे. फक्त ते ग्रीस सायलेंट स्विचमधल्या मऊ तुकड्यांना लावू नका.

आता उरतं टेबल. जाहिरातींत आवाज इतके टक्के कमी, असं लिहिलेलं असतं. ते वाचताना डेसिबलचं गणित लक्षात ठेवावं. आवाजाची ऊर्जा निम्म्यावर आली तरी फरक फक्त 3 डेसिबलचा पडतो आणि कानाला तो जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल उतरावे लागतात. शिवाय सगळे आवाज सारखे नसतात. आपला कान 2 ते 5 हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सगळ्यांत तीक्ष्ण असतो, आणि कळेच्या टक् आवाजाचा बोचरा भाग तिथेच पडतो. मऊ तुकडे नेमका तोच भाग खातात. राहते ती खालच्या पट्टीतली धप. ती आपल्या कानाला सौम्य वाटते, पण भिंतीतून पलीकडे जायला जाड आवाजच वस्ताद असतात. कीबोर्ड उघड्या लाकडी टेबलावर असेल तर टेबलाची फळी डग्ग्यासारखं काम करते, आणि टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर भिंतही.

माझ्याकडे असंच झालं होतं. यू-फोर बसवून झाले, शिफ्टच्या तारेला ग्रीस लावलं, मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. सकाळी आईला विचारलं तर ती म्हणाली, “टकटक गेली, पण काहीतरी धडधडत होतं उशीशी.” मग टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि कीबोर्डखाली जाड फेल्टची चटई टाकली. त्यानंतर तिची तक्रार आलेली नाही.

तुम्ही शांत स्विच घेणार असाल, तर पहिल्या दिवशी पूर्ण संच मागवू नका. ज्या कीबोर्डातले स्विच हातानं काढता-घालता येतात असा कीबोर्ड बघा आणि दोन-तीन जातींचे दहा-दहा स्विच आणा. मधल्या ओळीत, जिथे बोटं सर्वांत जास्त असतात, तिथे ते बसवून आठवडाभर रोजचं काम करा. स्पर्श कसा आहे, याचा निर्णय तुमच्या बोटांनी घ्यावा. आवाजाचा निर्णय मात्र स्वतःच्या कानावर सोडू नका. रात्री नेहमीच्या वेगानं दोन पानं लिहा आणि सकाळी शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला विचारा.